आकडे खरे, जोडी खोटी

रामरावभाऊ, उईके घरातले सगळे, मोहखेडीच्या मायबहिणींनो, रोहणवाडीहून आलेल्या मंडळींनो, आणि मागं उन्हात उभे आहात ते सगळे.

बसा म्हणणार होतो, पण मंडपात आता बसायला जागा नाही.

मला बोलता येईल की नाही, खरंच माहीत नाही. रामरावभाऊंनी, सुमनबाईंच्या यजमानांनी, परवा निरोप धाडला तेव्हा मी नाही म्हटलं. काल पुन्हा नाही म्हटलं. आज सकाळी ते स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमीच बोला. तिचं एक काम तुमच्यापाशी राहून गेलतं." एवढंच म्हणाले आणि उभे राहिले. मग माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेलूच्या बस स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि वीसेक वर्षांपासून मी एका पेपरचा तालुका वार्ताहर आहे. या गावाला 'झोपलेलं गाव' हे नाव पडलं ना, ते नाव ठेवणारा मी. हो, मीच. तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. तरी कुणी मला अडवलं नाही. उलट एका बाईनं पाण्याचा गिलास आणून दिला.

शोकसभेत माणसानं दुःख सांगावं. मला दुःख आहेच. पण त्याच्या आधी मला लाज वाटते, आणि ती लाज सांगितल्याशिवाय मला सुमनबाईंबद्दल एक शब्द बोलायचा अधिकार नाही.

सुमनबाई कोण होत्या हे मी तुम्हाला काय सांगू? तुमची अर्धी पोरं त्यांच्या अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठी झाली. पण त्यांचं दुसरं काम मी जवळून पाहिलं. त्या या गावच्या बीएलओ होत्या. बीएलओ म्हणजे मतदारयादी सांभाळणारी. कोण अठराचं झालं, कोण लग्न होऊन गेलं, कोण आलं, कोण वारलं, हे घरोघरी जाऊन लिहायचं. पुष्कळ ठिकाणी हे काम ओट्यावर बसून होतं. बाई चालत जायच्या. धरणाच्या बाजूच्या शेवटच्या चार घरांपर्यंत जायच्या. दारात उभ्या राहून गोंडी रीतीनं "जय सेवा" म्हणायच्या. आतलं माणूस गोंडीत बोललं तर गोंडीत, वऱ्हाडीत बोललं तर वऱ्हाडीत.

माझ्या दुकानात झेरॉक्सला आल्या की तिथंही तसंच. पायरीवरून, "जय सेवा, भाऊ." मी म्हणायचो, "नमस्कार नमस्कार, या." इतक्या वर्षांत मी एकदाही त्यांना जय सेवा म्हटलं नाही. मुद्दाम नाही हो. सुचलंच नाही. आता सुचतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. मागल्या लोकसभेचं मतदान. असेच दिवस होते, मोहाचे. मोहाचं फूल कुणासाठी थांबत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. पहाटे टपकलं की वेचायचं, नाहीतर रानडुक्कर आहे, ढोरं आहेत. गाव सकाळी जंगलात जातं, ऊन चढलं की टोपल्या घेऊन येतं, फुलं अंगणात वाळत घालतं, जरा पाठ टेकतं. आणि मग, चार वाजता, ऊन उतरायला लागलं की मत टाकायला निघतं. दर निवडणुकीत असंच. ही या गावची रीत आहे. बाईंना ती ठाऊक होती. मलाही ठाऊक असायला पाहिजे होती, वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितो मी.

मतदानाच्या दिवशी दर दोन तासांनी आकडा येतो. इतके टक्के झालं, तितके टक्के झालं. रोहणवाडी सडकेवर आहे. तिथून आकडा टिचकी वाजवावी तसा येतो. मोहखेडीत रेंज नाही. इथला आकडा घेऊन कुणीतरी टेकडीवर चढतं, हात उंच करतं, मग फोन लागतो. त्या दिवशी मोहखेडीचा तीन वाजेचा आकडा आला. त्यानंतरचा संध्याकाळपर्यंत आलाच नाही. रोहणवाडीचा शेवटचा आकडासुद्धा आला होता.

पेपरमधून फोन आला. म्हणाले, एक चौकट द्या, दोन गावांची तुलना, चटपटीत. मी दिली. मथळाही मीच दिला. 'रोहणवाडी जागी, मोहखेडी झोपलेली.'

मंडळी, मी तो मथळा लिहीत होतो ना, त्या वेळी मोहखेडीच्या शाळेपुढं काय चालू होतं? तुम्ही त्या रांगेत होतात, तुम्हाला माहीत आहे. मला बाईंनी नंतर सांगितलं. सहा वाजले तेव्हा रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. नियम असा आहे की सहाच्या ठोक्याला रांगेत जो उभा आहे त्याला मत देता येतं. त्याला चिठ्ठी देतात, आणि चिठ्ठ्या रांगेच्या शेवटून वाटत येतात, म्हणजे नंतर कुणी मागं येऊन चिकटू नये. जनाआजी सगळ्यात शेवटी होत्या. एक नंबरची चिठ्ठी त्यांना मिळाली. त्यांना वाटलं आपला पहिला नंबर लागला, म्हणून त्या सगळ्यांच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या! आणि रांगेतल्या कुणीही त्यांना मागं पाठवलं नाही. आत गेल्या, तर बोटं मोहानं चिकट. शाई लावणारा म्हणाला, आजी, हात पुसा आधी. आजींनी पदराला हात पुसले आणि मत टाकलं.

बसल्या आहेत आजी. हसून राहिल्या. हसा आजी, तुम्हाला हसायचा हक्क आहे.

हे झोपलेलं गाव!

दुसऱ्या दिवशी पेपर आला. मग काय झालं ते मी सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही सोसलं. हिंगणीच्या बाजारात पोरांना चिडवलं. काळीपिवळीवाला फाट्यावर गाडी थांबवून ओरडायचा, "चला, झोपलेलं गाव आलं, उठा, उतरा." बाईंना कचेरीतून विचारणा झाली की तुमच्या केंद्रावर मतदान कमी का. त्यांनी लेखी उत्तर दिलं. आणि इकडं रोहणवाडीत सत्कार झाला. प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, जागृती केली म्हणून. मी भाषण केलं. नारळ घरी फोडून खाल्ला. शाल कपाटात आहे, पिशवीतून काढलेली नाही. काढायची हिंमत झाली नाही, कारण सत्कारानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाई दुकानात आल्या.

"जय सेवा, भाऊ."

"नमस्कार, बाई. काय, झेरॉक्स?"

"नाई. आज दाखवाले आणलं."

त्यांनी एक कागद काउंटरवर ठेवला. दोन्ही गावांचे आकडे, तासातासाचे, शेजारी शेजारी. नऊचा नऊशेजारी, अकराचा अकराशेजारी, तीनचा तीनशेजारी, शेवटचा शेवटच्याशेजारी. तीन वाजता मोहखेडी पार मागं होती. शेवटी दोन गावांत फरक होता, पण मथळा करावा असा नव्हता. मी कागद पाहिला आणि मला लगेच कळलं. लगेच कळलं, हे लक्षात ठेवा.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बाई, आकडे सरकारी आहेत. मी काही घरून आणले नाहीत."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आकडे खरेच हाय, भाऊ. जोडी खोटी हाय."

मी म्हणालो, कसली जोडी?

"पोळ्यात तुमी जोडी पाह्यता ना? एक भरलेला बैल न् एक गोऱ्हा एका जुवाले बांधून कोनी मिरवते काय? मंग आमचं तीन वाजेचं न् तेयचं सहा वाजेचं काऊन जुंपलं?"

मी म्हणालो, समजा शेवटचे आकडे घेतले, तरी मोहखेडी थोडी मागंच आहे की. पाहा माझा कोडगेपणा. चोरी पकडली गेली तरी मी मापात खोट काढत होतो.

तेव्हा त्यांनी मला अंगणवाडीचा हिशेब सांगितला. म्हणाल्या, "माह्या अंगणवाडीत वीस पोरं लिहेल हाय. आठ पोरं मायबापासंगं मिरची तोडाले तेलंगणात गेली. बारा येतात, बाराही जेवतात. दुसऱ्या बाईकडं दहाच लिहेल, नऊ येतात. टक्का काढला तर थे बाई हुशार न् मी ढ. आता मी त्या आठ पोरायची नावं काटून टाकू काय? मंग माह्याकडं शंभर टक्के! पण थे पोरं परत आली तर जेवतीन कुठं?"

मी आयुष्यात टक्केवारी शंभर वेळा लिहिली असेल. टक्का वर काय आहे ते सांगतो, पण तो कशाचा काढला ते खाली पाहावं लागतं, हे मला एका अंगणवाडीच्या बाईनं खिचडीवरून शिकवलं. मोहखेडीच्या यादीत मिरचीला गेलेली माणसं होती. ती मत टाकायला येऊ शकत नव्हती, पण ती या गावची होती, म्हणून बाईंनी ती यादीत ठेवली होती. रोहणवाडीत बहुतेकांना घरीच काम आहे, बाहेर जाणारे थोडे. यात रोहणवाडीचा काही दोष नाही. त्यांनी मतं टाकली, चांगलं केलं. दोष जोडी लावणाऱ्याचा.

मी म्हणालो, "बाई, चुकलं. माफी मागतो."

"माफी नको, भाऊ. खुलासा छापा. चार ओळीचा."

"छापतो," मी म्हणालो. "या आठवड्यात छापतो."

मंडळी, तो आठवडा आलाच नाही. आधी म्हटलं निकाल लागू द्या. मग म्हटलं पेरण्या होऊ द्या. मग विधानसभा आली. बाई दर वेळी झेरॉक्सला यायच्या, आणि जाताना पायरीवर थांबून नुसतं पाहायच्या. मी म्हणायचो, "हो हो, लक्षात आहे." मी इतका निलाजरा झालो होतो की त्यांनी विचारायच्या आधीच उत्तर द्यायचो.

आणि इकडं गावात काय चाललं होतं? गावातलेच काही जण बाईंच्या मागं लागले, की बाहेर गेलेल्यांची नावं काटून टाका, म्हणजे आपला टक्का वर जाईल, पुन्हा पेपरात नाव खराब होणार नाही. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या चार ओळींनी त्यांना इतकं जाळलं होतं की ते आपल्याच भावाचं नाव यादीतून काढायला निघाले होते. बाईंनी एकही नाव काटलं नाही. याच अंगणवाडीच्या ओट्यावर त्या म्हणाल्या होत्या ना, "नाव म्हंजे घराचं दार हाय. मानूस कामाले गेला म्हनून कोनी दार उखडून ठेवते काय?" रामरावभाऊ, असंच म्हणाल्या होत्या ना?

असंच. म्हणजे गावाची बोलणी त्यांनी खाल्ली, कचेरीची विचारणा त्यांनी झेलली, आणि माझ्या शालीची घडीसुद्धा मोडली नाही.

गेल्या महिन्यात कळलं की बाई सावंगीच्या दवाखान्यात आहेत. मी संत्री घेऊन गेलो. फार वाळल्या होत्या. मला वाटलं, ओळखतात की नाही. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "काय भाऊ, अजून रेंज नाई आली काय?"

मी हसलो. रामरावभाऊही हसले. बाईंनाही हसू आलं. आणि मी पुन्हा म्हणालो, "पुढच्या आठवड्यात नक्की, बाई. तुम्ही बऱ्या होऊन या, तुमच्या हातातच पेपर देतो."

पुढच्या आठवड्यात बाई गेल्या.

परवा मी पेपरला फोन केला. ते म्हणाले, आता कुठं, बातमी शिळी झाली. त्यांचं काही चुकलं नाही. शिळी मी केली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, बाईंनाही नाही. ही रेंजची गोष्ट मी फार वापरली. रेंज नव्हती, आकडा आला नाही, मी काय करणार. अर्धं खरं आहे. पण त्या दिवशी मला जो आकडा आला, त्याच्यापुढं दोन शब्द होते. 'तीन वाजेपर्यंत.' साफ लिहिलेले. ते शब्द ठेवले असते तर वाचणाऱ्याला कळलं असतं की ही बरोबरीची जोडी नाही. चौकटीत जागा होत नव्हती, आणि ते ठेवले असते तर मथळ्यातली मजा जात होती. म्हणून मी ते काटले. बाईंनी गावाचं एक नाव काटलं नाही, आणि मी दोन शब्द काटून अख्खं गाव झोपवलं.

आज मी सभेला आलो तेव्हा किती वाजले होते सांगू? तीन. मंडपात मोजकी माणसं होती, रिकाम्या सतरंज्या होत्या. आणि माझ्या मनात काय आलं? मनात आलं, अरेरे, एवढ्या चांगल्या बाईच्या शोकसभेला एवढेच लोक. शपथेवर सांगतो, हेच आलं. बाहेर अंगणाअंगणात मोह वाळत पडला आहे, त्याचा वास नाकात जातो आहे, आणि मी पुन्हा तीन वाजेचा आकडा धरून बसलो होतो! आता पाहा. तुम्ही आलात. वेचून, वाळवून, हातपाय धुऊन आलात. काही जणांचे हात अजून चिकट असतील. आणि जे मिरचीला गेले आहेत ते आज येऊ शकले नाहीत, पण ते बाईंचेच आहेत. त्यांनाही मोजणीत धरा.

हा दुसरा कागद पाहा. त्या पहिल्या दिवशी बाई जाताना हा माझ्या काउंटरवर ठेवून गेल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "तुमाले येळ नसन, म्हनून मीच लिहून आणला." खुलासा त्यांनीच लिहिला होता, माझ्या वतीनं. खाली थोडी जागा सोडली होती, माझ्या सहीला. पेपरनं छापला नाही. मी इथं वाचतो.

"खुलासा. आमच्या बातमीत मोहखेडी गावाचा तीन वाजेचा आकडा व रोहणवाडी गावाचा शेवटचा आकडा नजरचुकीने शेजारी लावला गेला. मोहखेडीचे लोक मोह वेचून आले व त्यांनी सहा वाजेनंतरही रांगेत उभे राहून मतदान केले. रोहणवाडीच्या लोकांनीही चांगले मतदान केले. दोन्ही गावे जागी आहेत."

दोन्ही गावं. स्वतःच्या गावाची लाज निघाली होती, आणि त्या बाईनं दुसऱ्या गावालाही त्याचं माप पूर्ण दिलं.

इतके दिवस ही सहीची जागा कोरी होती. आज सकाळी रामरावभाऊ दुकानातून गेले, आणि मी सही केली. पण बाई, सही करायच्या आधी मी तुमच्या मजकुरातला एक शब्द काटला. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. आता कुणाला विचारू? तुम्ही माझी लाज झाकायला तो लिहिला होता, आणि तोच एक शब्द या कागदावर खोटा होता.

'नजरचुकीने.' तो काटला.

रामरावभाऊ, हा कागद घ्या. याच्या प्रती मी काढून आणल्या आहेत. हिंगणीच्या बाजारात, फाट्यावर, काळीपिवळीच्या काचेवर, सगळीकडं मी माझ्या हातानं लावीन. तुम्ही लावू नका. मला लावू द्या.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. घाई नको. शेवटची माणसं अजून फाटकातून आत येत आहेत. जनाआजी, तुम्ही बसूनच राहा. ती माणसं आत आली की मग सुरू करू.

आली. उभे राहा.

जय सेवा, बाई.